सोफा, चाचा आणि आमच्या चुका

शीर्षक वाचून ही विनोदी कथा असेल असं समजून तुम्ही इथपर्यंत आला असाल तर आधीच माफी मागतो. हा अभ्यासलेख आहे. पण घाबरू नका, याची व्हायवा नाही. विषय आहे गादी-कुशनचं काम, विणलेलं कापड आणि ऋतूप्रमाणे बदलणारा रंग. "मेकॅनिकलच्या पोराला हे कुठून सुचलं?" असं आमचे एचओडी सर विचारतीलच. सर, सुचलं नाही. अंगावर आलं.

झालं असं. दुसऱ्या वर्षाला मी हॉस्टेलचा कॉमन रूम सचिव झालो. निवडून वगैरे नाही, मीटिंगला उशिरा पोचलो म्हणून. कॉमन रूममध्ये तीन सीटचा एक सोफा आणि दोन खुर्च्या होत्या. त्यांचं कापड इतकं फाटलं होतं की क्रिकेटची मॅच बघता बघता पोरं आतला फोम उपटून एकमेकांना मारत. मी ठरवलं, आपल्या कारकिर्दीत हे काम झालंच पाहिजे. ८४ मुलं, प्रत्येकी १०० रुपये, एकूण ८,४०० रुपये वर्गणी जमली. शहरातल्या एका दुकानातून चकाचक चॉकलेटी रेक्झिन लावून आणलं. आठ दिवस माझी कॉलर ताठ होती.

मग श्रावण आला. खिडकीतून झड आत आली आणि फोम भिजला. रेक्झिन वरून पुसलं, ते कोरडं दिसायला लागलं, पण आतलं पाणी आतच राहिलं. पंधरा दिवसांत कॉमन रूमला ओल्या मोज्यांचा वास. उघडून वाळवावं म्हटलं तर सगळं सोल्युशनने चिकटवलेलं. पुढच्या पावसाळ्यात रेक्झिनची साल निघायला लागली. जो बसेल त्याच्या पँटला चॉकलेटी खवले. त्या वर्षी गॅदरिंगला मला फिशपॉन्ड मिळाला: "सचिवांनी सोफा दिला, सोबत पँटही रंगवून दिली." पोरं हसली, मीही हसलो. पण रात्री झोप लागली नाही. ८४ मुलांचे पैसे होते. त्यात काही जण असे होते की ज्यांना १०० रुपये म्हणजे दोन दिवसांचा चहा-नाश्ता. ते कोणी बोलून दाखवलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात एका मित्राच्या ओळखीने चाचा भेटले. मारुती मंदिराच्या पुढे एका आळीत त्यांचं सोफा-गादी रिपेरिंगचं छोटं दुकान आहे. पन्नासहून जास्त वर्षं हेच काम. मी त्यांना सगळी कहाणी सांगितली. ते सोफा बघायला हॉस्टेलवर आले, सांगाड्यावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "लाकूड सागवानी आहे रे. हा सोफा मेला नाही, ह्याला मारलाय." मग रेक्झिनची एक कड ओढून पाहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चिकटवलंय. जे उसवता येत नाय, ते दुरुस्त होत नाय. काय समजलात इंजिनेरसाहेब?"

तेव्हा फारसं समजलं नव्हतं. पुढे चार रविवार त्यांच्या हाताखाली काम केल्यावर समजलं. तेच या लेखात मांडतोय.

१. सांगाडा, नवार आणि स्प्रिंग

आपण सोफा बघतो म्हणजे फक्त कापड बघतो. खरं तर ती चार-पाच थरांची रचना आहे. सगळ्यात खाली लाकडी सांगाडा. त्यावर आडवी-उभी विणलेली नवार, म्हणजे आपल्या नवारीच्या खाटेला असते तीच जाड पट्टी. तिच्यावर स्प्रिंग, स्प्रिंगवर गोणपाट, गोणपाटावर भरण आणि शेवटी कापड. बसणाऱ्याचं वजन वरून खाली या सगळ्या थरांतून सांगाड्यापर्यंत पोचतं. एक थर ढिला झाला तरी बाकीच्यांवर भार येतो आणि ते लवकर थकतात.

आमच्या सोफ्याच्या पाठीला जुन्या पद्धतीच्या गोल स्प्रिंगा होत्या. चाचांनी त्या फेकल्या नाहीत. एकेक दाबून पाहिली आणि दोनच बदलल्या. बदलताना मात्र त्यांनी तारेची जाडी बोटाने चाचपून निवडली. मी म्हटलं, "चाचा, थोडी जाड-बारीक चालेल ना?" ते म्हणाले, "थोडी जाड लावलीस तर तिथे दगड बसल्यासारखं वाटेल."

रात्री मशीन डिझाईनचं पुस्तक उघडलं. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, आणि वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. बाकी सगळं तेच ठेवून तार १० टक्के जाड घेतली तर स्प्रिंग जवळजवळ ४६ टक्क्यांनी कडक होते. हे सूत्र मी पाठ करून पेपरात लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. चाचांनी ते कधी वाचलेलं नाही, पण त्यांच्या अंगठ्याला ते येतं.

स्प्रिंगा नुसत्या ठेवून चालत नाहीत, बांधाव्या लागतात. पुढून मागे, डावीकडून उजवीकडे आणि दोन्ही तिरके, अशी प्रत्येक स्प्रिंग सुतळीने आठ बाजूंनी बांधतात. बांधताना ती थोडी दाबूनच बांधायची. त्यामुळे एक स्प्रिंग दबली की शेजारच्याही थोड्या खाली येतात आणि भार वाटला जातो. मला पहिली ओळ बांधायला दोन तास लागले. चाचांनी ती बघितली आणि शांतपणे कात्रीने कापून टाकली. "परत."

आता चुकांबद्दल. गादीकामात कापड लाकडाला ठोकायला ज्या छोट्या खिळ्या वापरतात त्यांना 'चुका' म्हणतात. आमच्या सोफ्याला साध्या लोखंडी चुका आणि स्टेपल मारलेले होते. मिरकरवाड्याकडून येणारा खारा वारा लोखंडाला काय करतो हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. पण गंज फक्त खिळा खात नाही, तो कापडही खातो. गंजलेल्या लोखंडाजवळचा सुती धागा हळूहळू ठिसूळ होतो आणि कापड नेमकं चुकांच्या ओळीतच फाटतं. म्हणून समुद्राकाठी पितळी किंवा जस्ताचा मुलामा असलेल्या चुका. चार पैसे जास्त लागतात. "चूक कुठली मारायची ते आधी ठरव, मग हातोडी उचल," हे चाचांचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

२. पोटात काय आहे?

फोम विकताना दुकानदार 'डेन्सिटी' सांगतो, १८, ३२, ४०. आपण मान डोलावतो. हा आकडा म्हणजे दुसरं काही नाही, एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. म्हणजे तो तपासता येतो! आमच्या सीटचा फोम ६० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि १० सेंमी जाड होता. घनफळ ०.०३६ घनमीटर. ३२ डेन्सिटीचा असता तर वजन सुमारे १,१५० ग्रॅम भरलं असतं, ४० चा असता तर १,४४० ग्रॅम. आम्ही तो उन्हात खणखणीत वाळवला आणि मेसच्या वजनकाट्यावर ठेवला. ६५० ग्रॅम! म्हणजे १८ डेन्सिटी. पाठ टेकायला हा ठीक, पण रोज पंचवीस जण आपटून बसणार त्या सीटला हा किती टिकणार? पैसे मोजताना मी ३२ ऐकलं होतं आणि वजनकाटा मेसमध्ये दीड वर्ष पडून होता. तर पहिला धडा: फोम घ्यायला जाताना टेप घेऊन जा आणि दुकानातच वजन करायला सांगा.

फोम म्हणजे पॉलियुरेथेन. या रसायनाचा शोध जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली लावला. त्याआधी जगभर गाद्यांच्या पोटात काय होतं? घोड्याचे केस, लोकर, गवत. आणि आपल्याकडे? सावरीचा कापूस, पिंजाऱ्याने धनुकलीवर पिंजलेला साधा कापूस आणि काथ्या.

काथ्याकडे मी नव्याने बघायला शिकलो. नारळाचं सोडण आपण बंबात घालतो, पण त्याच्या धाग्यात ४० टक्क्यांहून जास्त लिग्निन असतं. लाकडाला ताठपणा देणारा हाच पदार्थ. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, बुरशीचं आवडतं जेवण. लिग्निन पचवायला मात्र बुरशीला कष्ट पडतात. म्हणून तर सुंभ खाऱ्या पाण्यात राहूनही टिकतो. काथ्याच्या धाग्यांवर रबराचा चीक फवारून, दाबून, तापवून जी ताठ गादी बनते ती रबराइज्ड कॉयर. तिच्या आरपार हवा खेळते. आमच्या नव्या सीटमध्ये खाली ही काथ्याची गादी आणि वर ४० डेन्सिटीचा फोम आहे. खालचा थर आकार धरून ठेवतो, वरचा अंगाला सुख देतो.

आणि हवेचं आणखी एक. गादीवर बसलं की आतली हवा बाहेर जायला हवी, उठलं की परत आत यायला हवी. रेक्झिन हवाबंद. म्हणून बसलं की 'फुस्स' आवाज येतो आणि शिवण ताणली जाते. जुन्या बसच्या सीटांना बाजूला छोटी पितळी भोकं दिसायची, ती यासाठीच. चाचांनी आमच्या प्रत्येक गादीच्या मागच्या बाजूला चार बोटं रुंद जाळीचं कापड शिवलं. बसल्यावर मागून वारा निघतो. म्हणजे प्रत्येक बसण्या-उठण्यात गादी श्वास घेते आणि आतली ओल थोडी थोडी बाहेर टाकते.

३. कापड: उभा धागा, आडवा धागा

कापड विणणं म्हणजे ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) यांचा खेळ. कम्प्युटरवाल्यांनी इथे कान टवकारावेत. प्रत्येक छेदावर प्रश्न एकच: वरचा धागा कुठला, उभा की आडवा? हो किंवा नाही, एक किंवा शून्य. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जाकार्ड यांनी १८०४ साली हीच गोष्ट भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर लिहिली आणि मागाला वाचायला लावली. चार्ल्स बॅबेजनी आपल्या ॲनालिटिकल इंजिनासाठी पुठ्ठ्यांची कल्पना तिथूनच घेतली. सोलापुरी चादरीवरचं नक्षीकामही याच जाकार्ड मागाचं. तेव्हा हॉस्टेलच्या कॉटवर सोलापुरी चादर असेल तर तुम्ही प्रोग्रॅमच्या आउटपुटवर झोपता, हे लक्षात ठेवा.

मूळ विणी तीन. पहिली साधी: एक धागा वर, एक खाली. मांजरपाट, खादी, गोणपाट ही तिची उदाहरणं. दुसरी तिरकी, जिला बाजारात ट्विल किंवा ड्रिल म्हणतात. धागा दोनांवरून किंवा तिनांवरून जातो आणि दर ओळीला एक घर सरकतो, म्हणून अंगावर तिरक्या रेघा दिसतात. तुमची जीन्स पाहा. तिसरी साटीन: धागा चार किंवा जास्त धाग्यांवरून मोकळा जातो, म्हणून चकाकी येते. पण मोकळा धागा म्हणजे अडकणारा धागा. खिशातली चावी, पँटचं बटण लागलं की तो उपटला जातो. म्हणून साटीन लग्नाच्या लोडाला, सोफ्याला नाही. बसायच्या जागी तिरकी वीण चांगली. तिच्यात धागे जास्त दाट बसतात, आणि कापड घट्ट असूनही कोपऱ्यावर नीट वळतं.

कापड घासून किती टिकतं हे मोजायला मार्टिनडेल नावाची चाचणी आहे. कापडावर लोकरी कापडाचा तुकडा ठराविक दाबाने घासत राहतात आणि धागे कधी तुटतात ते मोजतात. घरगुती सोफ्याच्या कापडाने साधारण १५ ते २५ हजार घासण्या सोसाव्यात, आणि जिथे दिवसभर माणसं बसतात तिथल्या कापडाने ३० हजारांच्या पुढे, असा सर्वसाधारण हिशेब. आमचा सोफा कुठल्या गटात हे सांगायला नकोच.

मग आला धाग्याचा प्रश्न. सुती की पॉलिस्टर? हवेतली ओल धागा किती शोषतो याचे प्रमाणित आकडे असे: लोकर सुमारे १६ टक्के, ताग जवळजवळ १४, सूत साडेआठ, नायलॉन ४ आणि पॉलिस्टर फक्त ०.४ टक्के. हे आकडे ६५ टक्के आर्द्रतेचे. रत्नागिरीत जुलै-ऑगस्टात आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे इथे सूत आणखी ओल धरणार. सुती कापड अंगाला छान, घाम टिपतं, पण पावसात वाळत नाही आणि बुरशीला आमंत्रण देतं. पॉलिस्टर पटकन वाळतं, पण मे महिन्यात त्यावर बसून पाहा!

मी चाचांना विचारलं, "मग बेस्ट कुठलं?" ते हसले. "बेस्ट कधीसाठी? पावसासाठी की उन्हासाठी?"

इथे माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आपण एकच कापड बारा महिने चिकटवायला बघतो, म्हणूनच अडकतो. आमच्या आजीकडे गुहागरला लोडांना नेहमी खोळी असायच्या. आगोटीच्या आधी, म्हणजे पावसाची बेगमी करताना, पांढऱ्या खोळी धुऊन इस्त्री करून ट्रंकेत जायच्या आणि जाड गडद खोळी बाहेर यायच्या. दसऱ्याआधी गाद्यांना ऊन दाखवलं की परत उलट. मला ती आजीची हौस वाटायची. ती हौस होतीच, पण तो मेन्टेनन्स शेड्यूलही होता.

म्हणून आम्ही खोळींचे दोन जोड शिवायचं ठरवलं, मागे चेन लावलेले. पावसाळी जोड पॉलिस्टर-सूत मिश्र ट्विलचा, उन्हाळी जोड निव्वळ सुती. सुती कापड रामआळीत मिळालं, दुकानदार म्हणाला इचलकरंजीचं. तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि आज त्या गावाचा दिवस मागाच्या खटखटाटानेच सुरू होतो.

धागा ओळखायची सोपी युक्तीही चाचांनी शिकवली. कापडाच्या कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळायचा. सूत कागदासारखं जळतं, तसाच वास येतो आणि भुरभुरीत राख उरते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला काळा टणक मणी राहतो. (रूममध्ये करू नका, रेक्टर सर माझ्यावर घसरतील.)

आणि आमचं रेक्झिन का सोललं? 'रेक्झिन' हे मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीच्या मालाचं नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा थर देऊन ती चामड्याची नक्कल करायची. आज त्या नावाने मिळतं ते पीव्हीसी किंवा पीयूचा थर दिलेलं कापड. स्वस्त पीयूमध्ये ज्या साखळ्या असतात त्या दमट हवेतल्या पाण्यामुळे तुटतात, याला हायड्रोलिसिस म्हणतात. थर ठिसूळ होतो आणि साल निघते. ऊन नसलं, कोणी बसलं नाही, तरी नुसत्या दमट हवेने हे होतं. केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात हा शब्द होता. माझ्या पँटवर तो दुसऱ्या पावसाळ्यात आला.

४. रंग: बाहेर काय आहे ते आधी बघा

आता कलेचा भाग. खोळी दोन, मग रंगही दोन. पोरांची मतं ८४. आयपीएलच्या टीमांवरून जवळजवळ मारामारी झाली. शेवटी लायब्ररीत गेलो आणि तिथे एक मजेदार गोष्ट सापडली.

पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात भिंतीवरचे विणलेले पडदे बनत. तिथल्या रंगविभागाचे प्रमुख होते मिशेल शेव्हरल, मुळात रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे तक्रार आली की काळी लोकर फिकी दिसते, रंग कच्चा आहे. त्यांनी तपासलं तर रंगात काही दोष नव्हता. दोष शेजारच्या धाग्याचा होता. काळ्याच्या बाजूला गडद निळा-जांभळा धागा विणला की डोळ्याला काळा फिका वाटायचा. यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथच लिहिला. सार असं की रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजाऱ्याबरोबर दिसतो. विरुद्ध रंग शेजारी आले की दोन्ही उठून दिसतात. लाल-हिरवा, निळा-नारिंगी.

आता आमच्या कॉमन रूमच्या खिडकीतून पावसाळ्यात काय दिसतं? हिरवं रान आणि करडं आभाळ. आतला उजेड मंद. अशा वेळी चॉकलेटी रेक्झिन म्हणजे अंधारात अंधार. आम्ही पावसाळी जोडाला विटेचा तांबडा रंग घेतला. हिरव्याच्या शेजारी तो असा पेटला की खोलीत कोणी दिवा लावल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, यात आमची हुशारी काही नाही. पावसाळ्यात कुठल्याही वाडीत जा, हिरव्यागार गवतात भिजलेल्या जांभ्याचा गडगा बघा. कोकणाने ही जोडी आपल्या आधीच लावून ठेवलीय. उन्हाळी जोड फिकट निळा. मे महिन्यात बाहेर सगळं पिवळं-तपकिरी आणि डोळ्यांवर येणारं, तेव्हा आत आल्यावर तो भाट्याच्या सकाळच्या पाण्यासारखा वाटतो.

रंग निवडताना दोन पथ्यं. एक, कापड दुकानाच्या दारात आणून उजेडात बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखे दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात. दोन, पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर पँटलाही लागणार. (फिशपॉन्ड आठवा.) विल्यम पर्किनने अवघ्या १८ व्या वर्षी, १८५६ साली, म्हणजे आपल्या रत्नागिरीत टिळकांचा जन्म झाला त्याच वर्षी, क्विनाइन बनवायच्या खटपटीत पहिला महत्त्वाचा कृत्रिम जांभळा रंग शोधला. पण सुती धाग्याला रासायनिक बंधाने घट्ट धरून बसणारे रिॲक्टिव्ह रंग बाजारात यायला बरोबर शंभर वर्षं लागली, १९५६. धुण्याला पक्का सुती रंग हवा असेल तर हेच रंग मागा.

ऋतूप्रमाणे कापड बदलायची ही रीत आपल्या सणांतही आहेच. गुढीला खण किंवा जरीचं वस्त्र, गणपतीला माटवी आणि मखर. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून कितीतरी घरांत मखर परत कापडाचं होऊ लागलंय. घडी घालून ठेवता येतं, धुता येतं, पुढच्या वर्षी रंग बदलता येतो. थर्माकोलचं मखर मोडलं की कचरा. कापडाचं उसवलं तर पिशवी होते.

५. हिशेब

पैशाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. परत वर्गणी मागायचं तोंड मला नव्हतं. जनरल मीटिंगमध्ये उभा राहिलो, फोमचं वजन, चिकटवलेलं रेक्झिन, माझी चूक, सगळं सांगितलं. म्हटलं, मजुरी आम्ही चौघं करू, सामान आणि चाचांचे पैसे लागतील. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागून सिव्हिलचा एक जण म्हणाला, "या महिन्याची फीस्ट रद्द करा." ज्यांनी हॉस्टेलची फीस्ट खाल्लीय त्यांना या त्यागाची किंमत कळेल. हात वर झाले. त्या रविवारी चिकन आणि गुलाबजामऐवजी नेहमीची उसळ होती आणि कोणी कुरकुरलं नाही. यावेळी प्रत्येक बिल, अगदी दाभण आणि सुतळीचंसुद्धा, नोटीस बोर्डावर लावलं.

हा लेख लिहीपर्यंत सोफ्याने एक अख्खा पावसाळा काढलाय. सगळं उत्तम झालं असं म्हणणार नाही. खिडकीजवळच्या खुर्चीच्या खोळीवर काळे ठिपके आले, कारण त्या पंधरवड्यात ज्यांची धुवायची पाळी होती ते सबमिशनच्या नावाखाली पळाले. पण चेन उघडली, खोळ धुतली, फोम पंख्याखाली उभा केला, दोन दिवसांत खुर्ची परत जागेवर. वास नाही, साल नाही. मागच्या वेळी असेच ठिपके आले असते तर आम्ही नाक दाबून वर्ष काढलं असतं.

डिझाईन शिकताना आपल्याला वाटतं, चांगली वस्तू म्हणजे कधी न बिघडणारी. रत्नागिरीच्या हवेत असं काही नसतं. इथे लोखंड गंजतं, लाकूड फुगतं, कापडाला बुरशी येते. तेव्हा चांगली वस्तू ती, जी बिघडल्यावर उघडता येते, धुता येते आणि परत शिवता येते. चाचांनी शेवटच्या रविवारी मला गादीची एक बाजू स्वतः उसवायला लावली, नीट शिवलेली असतानाही. म्हणाले, "आता शिव. तुला उसवता आलं म्हणजे शिवता आलं."

मी यंदा अंतिम वर्षाला आहे, जूनमध्ये जाईन. दाभण, सुतळीचा गुंडा, पितळी चुकांची डबी आणि उन्हाळी खोळी कॉमन रूमच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. किल्ली रेक्टर सरांकडे. आगोटीच्या आधी निळा जोड धुऊन कडक उन्हात वाळवून आत ठेवायचा आहे. पुढच्या सचिवाने तेवढं विसरू नये. आणि मीटिंगला वेळेवर यावं.

अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी